इंजिनाच्या बुडाचं भोक

मी एक जुनं भोक आहे. हसा, हसा. सगळेच हसतात. मित्रांनो, छत्रीनं, घड्याळानं, फाटक्या चपलेनं आपली गोष्ट सांगितली की तुम्ही गालावर हात ठेवून ऐकता, आणि भोकानं तोंड उघडलं की खी खी करता. पण मला सांगा, सुईला भोक नसतं तर तुमची चड्डी शिवली कुणी असती? बासरीला भोकं नसती तर तिचं लाटणं झालं असतं. आणि तुमच्या नाकाला भोकं नसती तर... जाऊ दे, तुम्ही जेवायला बसलेले असाल.

तर मी एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या अगदी बुडाशी असलेलं भोक. काळं झालेलं तेल ज्यातून खाली सोडतात ना, ते. व्याकरणाचे मास्तर मला 'ते' म्हणतात, पण मी आपला 'मी आलो, मी गेलो' असंच बोलणार. एवढं आयुष्य काढल्यावर तेवढी मुभा असावी माणसाला. म्हणजे भोकाला.

माझा जन्म कारखान्यात झाला. घरात बाळ जन्मलं की घरातलं एक माणूस वाढतं. मी जन्मलो तेव्हा इंजिनातलं थोडं कमी झालं. ड्रिल आलं, घुर्र केलं, आणि जिथे काहीतरी होतं तिथे मी झालो. मग माझ्या आत आटे पाडले. आटे म्हणजे काय? माझ्या भिंतीवरून गोल गोल वर गेलेला बारीक जिना. बोल्ट त्या जिन्यानं चढतो आणि वर जाऊन घट्ट बसतो. माझा बोल्ट पोलादाचा आणि मी अ‍ॅल्युमिनियमचा. म्हणजे तो कडक आणि मी मऊ. आमच्यात वाजलं की झिजायचं कुणी, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

आमची गाडी घेतली एका बेकरीवाल्यानं. मागे पावाची पेटी बांधून तो पहाटे निघायचा आणि गल्लीगल्लीत पाव टाकायचा. गाडी इतकी सुसाट जायची की दारात उतरवताना पाव अजून फुगत असायचे. खोटं वाटतं? बरं, मग हे ऐका. एकदा माझ्यातून सोडलेल्या काळ्या तेलाच्या घमेल्यात शेजारची पांढरी मांजर पडली. तिला तर धुतलंच, पण तिची पिल्लं काळी झाली, पिल्लांची पिल्लं काळी झाली, आणि त्या गल्लीत अजून एक पांढरं मांजर दिसत नाही. माझं तेल होतंच तसं.

बेकरीवाल्याचे हात पीठ मळून मळून असे झाले होते की त्यानं खांद्यावर प्रेमानं थाप मारली तरी माणूस दोन पावलं पुढे जायचा. तेल बदलायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. फरशीवर पाठ टेकायची, गाडीखाली सरकायचं, बोल्ट लावायचा, पाना फिरवायचा. घट्ट झालं की थांबायचं ना? नाही. "आणि ही वरची चिमूट," असं म्हणून तो आणखी एक हिसका द्यायचा. पिठात मीठ घालताना त्याची तीच सवय. मापानं घालून झालं की वरून एक चिमूट, मायेची. ती चिमूट पिठाला मानवायची. मला नाही मानवायची. माझा जिना करकरायचा, पण मी गप्प बसायचो. प्रेमानं आवळणाऱ्याला काय बोलणार?

त्याची लेक तेव्हा लहान होती. तो तिला गाडीखाली बोलवायचा. "साहेब, बघा बरं, घट्ट झालं का?" ती इवलंसं बोट बोल्टावर ठेवायची आणि मोठ्या साहेबासारखी म्हणायची, "झालं. चहा प्या आता." मग दोघं तेलकट हातांनी घरात जायची आणि तिच्या आईची बोलणी खायची.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पुढचं सांगताना मला जरा जड जातं.

लेक मोठी झाली, दुसऱ्या गावी नोकरीला गेली. पाव टाकायला छोटा टेम्पो आला. गाडी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. बेकरीवाला म्हातारा झाला, पण सकाळी यायचा, खाली सरकायचा, मला तपासायचा, वरची चिमूट द्यायचा. मला बरं वाटायचं. आणि मग एके दिवशी तो चिमूट देऊन गेला, चहा पिऊन आला, आणि पुन्हा खाली सरकला. पुन्हा पाना लावला. पुन्हा चिमूट.

घरात कुणाच्या ध्यानात यायच्या आधी ते माझ्या ध्यानात आलं. पुढे पावात दोनदा मीठ पडायला लागलं, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायला लागली, बायकोनं भट्टीचं काम हळूच भाच्याकडे सोपवलं, डॉक्टर करून झाले. पण सगळ्यात आधी मला कळलं होतं. मी कुणाला सांगणार? मी भोक.

तो रोज येत राहिला. कधी एकाच सकाळी पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी नवी चिमूट. माझ्या जिन्याच्या पायऱ्या झिजल्या, वाकल्या, आणि एका सकाळी 'कच्च' झालं. माझे सगळे आटे तुटून चकचकीत स्प्रिंगसारखे बोल्टाला गुंडाळले गेले. बोल्ट नुसता फिरायला लागला. गोल, गोल, गोल.

"घट्ट होत नाहीये गं," तो म्हणाला.

"अहो, उठा. फरशी गार आहे," बायको दारातून म्हणाली.

"होतंय, होतंय. थांब जरा."

तो दुपारपर्यंत पाना फिरवत होता. शेवटी त्यानं पाना छातीवर ठेवला आणि गाडीखाली पडल्या पडल्या रडला. एवढा मोठा माणूस, आणि रडणं असं की पोत्याआडच्या उंदरानंही ऐकू नये. दुसऱ्या दिवशी कालचं रडणं तो विसरला होता. पण बोल्ट फिरतोय, हे त्याला रोज नव्यानं कळायचं. रोज तो नव्यानं घाबरायचा.

आधी तो मला आवळायचा, मला थोपटायचा, "झालं" म्हणायचा आणि दिवसभर निवांत असायचा. आता त्याचं झालंच नाही. जेवायला उठेना, अंघोळीला उठेना. "काम अर्धं आहे," एवढंच म्हणायचा.

बायकोनं लेकीला बोलावून घेतलं. लेक येताना इंजिनाच्या नव्या तेलाचा डबा घेऊन आली आणि येता येताच मिस्त्रीला घेऊन आली. हा मिस्त्री बेकरीवाल्याचा जुना दोस्त. त्याच्या गॅरेजातून निघालेली प्रत्येक गाडी थोडी गळायचीच, म्हणून त्याला सगळे 'टपटप' म्हणायचे.

टपटपनं माझ्यात बोट घातलं आणि म्हणाला, "वहिनी, आटे पार गेले."

"यांचे की गाडीचे?" वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बुजवून टाका. सिमेंट भरा, पुट्टी भरा, काय वाटेल ते भरा. भोकच नको. म्हणजे हे तिथे जायचे नाहीत."

मित्रांनो, भोकाला बुजवणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? बुजवलेलं भोक म्हणजे काहीच नाही.

"आई, बुजवल्यावर ते पाना लावतील कशाला?" लेक म्हणाली. "रोज येऊन शोधतील फक्त. काका, नीट करा. त्यांना घट्ट झालेलं हाताला लागू दे."

टपटपनं मला नीट केलं. बाकी गाड्यांना त्यानं काय केलं ते त्याचं त्याला माहीत, पण त्या दिवशी तो एकदाही बडबडला नाही. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, म्हणजे माझा चुरा इंजिनात न पडता त्यालाच चिकटावा. मला मोठं केलं. मग टॅप नावाचं आटे कापायचं हत्यार लावून नवे आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे, चुरा पुसायचा, पुन्हा पुढे. दुखलं. मग तारेचं एक पोलादी वेटोळं माझ्या आत फिरवत बसवलं. जिना पुन्हा झाला, पण माझा नव्हे, उसना. म्हाताऱ्या माणसाला कवळी बसवतात ना, तसं.

"कसं झालं?" लेकीनं विचारलं.

"झकास. पण पोरी, दादाच्या हाताला हेही टिकायचं नाही. त्याची ती चिमूट आहे ना..."

वहिनींनी खिळ्यावरचा पाना काढला आणि टपटपच्या हातात दिला. "हा कापा. आखूड दांड्याला जोर लागत नाही."

"वहिनी, चांगला पाना आहे हो."

"ठाऊक आहे. माझ्या लग्नाआधीपासून आहे घरात. कापा."

दांडा कापला. वहिनींनी कापलेलं टोक घासून गुळगुळीत केलं, त्याला फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला खाली सरकला, आखूड पाना लावला. पाना हलेना. बोल्ट आधीच घट्ट होता. तो तसाच बघत राहिला. आवळायला काही उरलंच नव्हतं.

मग त्यानं शेजारी बसलेल्या लेकीकडे मान वळवून विचारलं, "ओ बाई, इथलं काम कुणी केलं? हे काम माझं आहे."

तो तिला ओळखत नव्हता. ती म्हणाली, "चुकलं हो. उद्यापासून तुम्हीच करा."

ती आत गेली तशी आई म्हणाली, "रोज थोडा ढिला करून ठेवूया."

"तेल गळेल ना मग."

"तेल घालायचंच नाही."

लेकीनं कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. "म्हणजे गाडी कधीच सुरू करायची नाही?"

"चालवायची आहे कुणाला?"

"मला एकदा मागे बसायचं होतं बाबांच्या."

आई बराच वेळ पोत्यावरचा मैदा झटकत राहिली. "मला पण," ती म्हणाली.

डबा तसाच मिस्त्रीकडे गेला. ज्या भोकाचं काम तेल खाली सोडायचं, त्या माझ्यात पुन्हा तेलाचा थेंब आला नाही. लेक सुट्टी संपवून गेली. आणि रोज संध्याकाळी भांडी आवरली की वहिनी यायच्या, गुडघे धरत खाली वाकायच्या, पदरानं आखूड पाना धरून बोल्ट जरासा ढिला करायच्या. कुरकुरायच्या. "काय मेलं नशीब, या वयात मोटारसायकलची सेवा!" पण एकही संध्याकाळ चुकली नाही. आणि सकाळी तो यायचा, आवळायचा, चिमूट द्यायचा, मला थोपटायचा. "झालं," म्हणायचा आणि पोटभर नाश्ता करायचा. त्याला बायकोचं नाव आठवत नव्हतं. पण चहाचा कप घेताना तिला सांगायचा, "आज काम चांगलं झालं बघा, बाई." ती म्हणायची, "हो ना. बसा आता निवांत."

असं किती चाललं ते मी मोजलं नाही. मोजायला बोटं लागतात, भोकाला ती कुठली.

मग तो यायचा थांबला. घरात माणसं आली, चपला वाजल्या, टपटप माझ्या शेजारच्या पोत्यावर बसून नाक पुसत राहिला, लेकीचा आवाज आला. मग सगळं शांत झालं आणि माणसं गेली. त्यानंतरच्या एका संध्याकाळी, भांडी आवरून, सवयीनं, वहिनी आल्या. गुडघे धरत वाकल्या. पदरानं पाना धरून बोल्टाला लावला आणि फिरवायला गेल्या.

तो ढिलाच होता. सकाळी कुणी आवळलाच नव्हता.

माणसं आली-गेली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. सगळ्यांना चहा विचारत होत्या. आता त्या फरशीवर बसल्या, गाडीच्या चाकाला डोकं टेकलं, आणि ढिल्या बोल्टावर हात ठेवून रडल्या. मी त्यांच्या हाताखाली होतो. रिकामा.

मित्रांनो, बोल्ट लावाल तेव्हा घट्ट झाला की थांबा. मऊ धातूला जास्तीचा जोर सोसत नाही. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस झालेलं काम पुन्हा करायला उठलं, तर 'झालंय ते' म्हणून त्याचा हात धरू नका. त्याच्यासाठी थोडं काम रोज बाकी ठेवा.