वकिलांच्या पुस्तकातली धाकटी

आमच्या घरात मुली तीन. थोरली सासरी, मधली मी आणि धाकटी फ्रिजमध्ये. धाकटी म्हणजे आईने नऊ वर्षं जपलेलं आंबवण. बरणीत फसफसणारं नुसतं पीठ आणि पाणी. दर शनिवारी त्यातलं निम्मं मक्याच्या पिठात घालून आई पाव भाजते आणि उरलेल्याला पुन्हा पीठ चारते. थोरलीच्या बाळंतपणाला महिनाभर जाताना तिने मला बजावलं, "हिला उपाशी ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे." रोज फोनवर आधी धाकटीची चौकशी, मग बाबांची.

बाबा पुस्तकं बांधतात. पुढच्या खोलीत पुठ्ठे, कापड, दोरा आणि बांधलेलं पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा त्यांच्या खळीचा. खळ म्हणजे पुठ्ठ्याला कापड चिकटवायला शिजवलेलं पीठ, तेही अगदी तशाच बरणीत.

पहिली चूक माझीच. मंगळवारी मी कलिंगड आणलं आणि ते मावेना म्हणून धाकटीला खाली सरकवलं. बुधवारी दुपारी तिला भरवायला गेले तर बरणी ओट्यावर पालथी, लख्ख.

"बाबा, खालची बरणी?"

"खळ संपली, धुऊन ठेवली." स्वारी खुशीत होती. "आज जरा आंबूस वास मारत होती. पण चिकटली झकास!"

"बाबा, ती खळ नव्हती. ती धाकटी होती."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपलं चुकलं असं ते जन्मात कधी म्हणाले नव्हते. चूक असलीच तर ती कापडाची, दोऱ्याची, नाहीतर हवेची.

"सारख्या बरण्या ठेवल्या की असंच होणार," ते म्हणाले.

"रविवारी आई येतेय! तिला काय सांगू? तुझी लेक पुठ्ठ्याला फासली म्हणून?"

मला रडूच यायला लागलं. नवं आंबवण लावता आलं असतं, पण आईने पहिल्याच घासाला ओळखलं असतं. आणि मला ते नवं नकोच होतं.

बाबा उठले आणि त्यांनी शिकंजा सैल केला. आत वकिलांचं जाडजूड पुस्तक होतं, सकाळीच बांधलेलं. आपण बांधलेलं पुस्तक उसवायचं कुणी नुसतं नाव काढलं, तरी बाबा त्या गिऱ्हाइकाला दार दाखवतात. त्यांनीच आता कापडाखाली सुरी घातली आणि टर्रकन सोललं. आत धाकटी अजून ओली होती.

"बघत काय बसलीस? वाटी आण."

खरवडून जेमतेम दोन चमचे निघाली. आम्ही तिच्यातले धागे वेचले, कोमट पाणी घातलं, पीठ चारलं. बाबांनी वकिलांना फोन केला, "हवा दमट आहे हो, पुस्तक सोमवारी मिळेल." हे आपल्या दोघांतच ठेवायचं असंही ठरलं.

गुरुवारी ती ढिम्म. शुक्रवारी एक बुडबुडा आला, तो दाखवायला बाबांनी मला अंघोळीतून हाका मारल्या. शनिवारी ती बरणीच्या काठाला टेकली. रविवारी सकाळी मी मक्याचं पीठ, दूध, अंडी आणि लोणी घालून तिच्यातलं निम्मं फेटलं, बिडाच्या पॅनमध्ये ओतलं आणि ओव्हनमध्ये सारलं. पाव टम्म फुगला, कडेने खरपूस झाला.

आईने आल्या आल्या, हात धुऊन, पहिला तुकडा मोडला. "वा! छान जपलंस गं तिला."

मी ताटलीत बघत राहिले.

"कसली जपतेय," बाबा म्हणाले. "मी तिला वकिलांच्या पुस्तकाला लावली होती. तिथून खरवडून काढली. चूक माझी झाली."

आईचा घास हातातच राहिला. ती आधी बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत बाबांकडे.

"धाकटीचं राहू दे," ती म्हणाली. "ते शेवटचं वाक्य परत एकदा म्हणा."

बाबांनी ते परत म्हटलं, आणि आईने हसत हसत डोळे पुसून सगळ्यात मोठा तुकडा त्यांना वाढला.