बयाबाईनं लावलेला बिब्बा

ऑपरेशनला चारच दिवस राहिले होते. तेवढे बयाबाईला हातावर हात ठेवून बसवले नाहीत, आणि सगळा घोळ तिथनं झाला.

तिचा धाकटा लेक हौशीराम लोणावळ्याला रेल्वेत खलाशी. सहा महिने त्याच्या उजव्या बरगडीत दुखत होतं, खोकला तर जाता जात नव्हता. घरादारानं क्षयच धरला होता. शेवटी रेल्वेच्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं छातीचा फोटो काढला. सर्जननं तो उजेडात धरून बयाबाईला दाखवला. फुप्फुसात कवठाएवढं गोल काहीतरी दिसत होतं. क्षय नाही, म्हणाला, पाण्यानं भरलेली गाठ आहे, पातळ कातड्याची पिशवीच समजा. फासळ्यांमधनं छाती उघडून ती अख्खीच्या अख्खी काढायची. आतल्या आत फुटली तर माणूस गुदमरून जागच्या जागी जाऊ शकतो. बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

बयाबाई काही भ्याली नाही. भावकीतला अंबाजी ओट्यावर बसून म्हणाला, छाती उघडलेला माणूस पुन्हा मिटलेला कुणी बघितलाय का. तिनं त्याला विचारलं, तुझं तोंड सकाळधरनं उघडं आहे, ते तरी मिटलेलं कुणी बघितलंय का. अंबाजी उठून गेला तो आठवडाभर फिरकला नाही.

पण दिवस सरत आले तसा तिचा जीव वरखाली व्हायला लागला. पाणी आहे म्हणतात, तर पाणी उष्णतेनं आटतं की. आटलं तर चाकू वाचेल. तिनं आजवर घरातल्या प्रत्येकाचं दुखणं बिब्ब्यानं काढलं होतं. कंबर म्हणू नका, गुडघा म्हणू नका. हौशीरामची बायको नंदाबाई शेतावर गेलेली बघून तिनं भर दुपारी बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तशी हौशीरामला कुशीवर वळवून फासळ्यांवर ठिपके देत गेली. एक ओळ पुरली असती. तिनं तीन दिल्या. हौशीराम आईपुढं कधी बोललाय, तो तेव्हा बोलेल?

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. अंगभर खाज, ठिपक्याठिपक्याला फोड, फोडांतनं पाणी. नंदाबाई बघतच राहिली. तिनं खोबरं वाटून लावलं, तीळ वाटून लावले. तारखेच्या दिवशी दवाखान्यात सर्जननं सदरा वर केला तेव्हा उजवी कूस नुसती चिघळून लाल झाली होती.

त्यानं आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बयाबाईला बरं वाटलं असतं. त्यानं सांगितलं की नेमकं इथंच कापायचं आहे, आणि असल्या कातड्यातनं चाकू घातला तर सगळी घाण छातीत उतरेल. महिनाभर काही करता येणार नाही. खाट दुसऱ्याला देतो. तोवर याला हलवू नका, ओझं उचलू देऊ नका, खोकल्याचं औषध चुकवू नका; पिशवी फुटायला एक उबळ पुरे. मग त्यानं विचारलं, "हे कोणी केलं?"

आणि बयाबाईच्या तोंडून निघून गेलं, "सून हाय आमची. अडाणी हाय."

नंदाबाई तिथंच उभी होती. हौशीराम छताकडं बघत राहिला. सर्जननं कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि परिचारिकेला बजावलं, ऑपरेशननंतर छातीत नळी राहणार, ती रोज धुवावी लागणार, घरची बाई लागेल तर दुसरी आणा, हिला आत सोडायचं नाही.

चौथ्या दिवशी नंदाबाईचा भाऊ भिमाजी सुदुंबऱ्याहून आला आणि तिला घेऊन गेला. बयाबाईनं त्याला चहा दिला.

तो महिना बयाबाईच्या छाताडावर बसून गेला. हौशीराम खोकला की ती असेल तिथनं धावत यायची. धावत आली की तो म्हणायचा, फुटली न्हाई अजून, जा. ती कोंबड्यांवर ओरडायची, गड्यांवर ओरडायची, औषधाच्या बाटलीवर ओरडायची. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. औषध चमच्याबाहेर सांडायचं. शेजारच्या सरुबाईनं विचारलं, सून किती दिवसांसाठी गेली, तर तिनं तुझ्या सुनेचं बघ म्हणून सुनावलं, आणि घरात येऊन चुलीपुढं नुसतीच बसून राहिली. जिच्यावर खरं ओरडायला हवं होतं ती घरात एकच उरली होती, ती स्वतः.

फोड सुकले. कातडं पांढुरकं होऊन धरलं. नवी तारीख आली. तेव्हा हौशीराम अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "नंदी आल्याबिगर मी जायाचा न्हाई. नळी काय तुमी धुनार? चमचा धरता येत न्हाई तुमास्नी."

बयाबाईनं त्याला मेल्या म्हटलं, कपाळकरंट्या म्हटलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला. दोन दिवस उरले होते.

ती बैलगाडीनं सुदुंबऱ्याला गेली. वाटेत तिनं मनाशी बोलणं जुळवलं होतं, सुनेचं कर्तव्य काय, घराणं काय. नंदाबाई अंगणात दाणे निवडत होती. तिनं सासूला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"आत्या, मी आत्ता उटून येते. पन तितं मला दारातनं माघारी धाडतील. कागदावर मी हाय. मी यिऊन त्यास्नी काय उपेग?"

जुळवलेलं एकही बोलणं याला पुरं पडेना. भिमाजी ओट्यावरनं बघत होता. बयाबाई म्हणाली, गाडी थांबलीय, लुगडी बांध.

दवाखान्यात सर्जन घाईत होता. त्यानं हौशीरामची कूस दाबून बघितली, मान हलवली, मग नंदाबाईकडं बघून कपाळाला आठी घातली. बयाबाईनं पदर सारखा केला.

"बिब्बा म्या लावला व्हता. ही शेतावर व्हती."

तिला वाटलं, आता हा काही म्हणेल. का खोटं बोललात म्हणून विचारेल, तर तिच्याकडं उत्तर तयार होतं. त्यानं विचारलंच नाही. कागदावरची ओळ खोडली आणि म्हणाला, "तुमचं नाव सांगा."

त्यानं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीरामला आत नेलं. तीन तास गेले. पिशवी न फुटता निघाली, असं परिचारिकेनं येऊन सांगितलं. तेही नंदाबाईला सांगितलं. बयाबाई दाराशी गेली तर परिचारिकेनं हात आडवा केला. तुम्ही नाही आजीबाई. माझा पोरगा हाय तो, म्हणाली बयाबाई. परिचारिका म्हणाली, ठाऊक आहे.

अठरा दिवस बयाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. नंदाबाई आत नळी धुवायची, पट्ट्या उकळायची, आणि दिवसातनं दोनदा बाहेर येऊन सांगायची. आज पेज घेतली. आज नळीतनं कमी आलं. आज ताप नाही. बयाबाईला विचारावं लागायचं, आणि उत्तर येईस्तोवर गप्प बसावं लागायचं. असं उभ्या जन्मात कुणी तिला बसवलं नव्हतं.

एकदा तिनं विचारलं, माझं काही विचारतो का तो.

"इचारत्यात की," नंदाबाई म्हणाली. "पन तुमी हितं बाकावर गप बसलाय म्हनून सांगितलं की त्यास्नी हसू येतंय, आन हसलं की टाकं दुकत्यात. म्हनून आता सांगत न्हाई मी."

बयाबाईच्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी तिखट आलं होतं. आतनं परिचारिकेनं हाक मारली तशी नंदाबाई वळली, आणि बयाबाईनं तिला जाऊ दिलं.