भावोजींचं कार्ड

भिंगांच्या कारखान्यात मेलेला माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत आत येतो, दारावर त्याचं नाव उमटतं, अशी बोंब उठली तेव्हा तिथला संगणकवाला आधी हसला. मग त्याने दाराच्या नोंदी उघडून पाहिल्या. इथेच कामाला असलेल्या त्याच्या भावोजींचंच कार्ड! माणूस जाऊन अर्धं वर्ष उलटलं, आणि दार आपलं रोज उघडतंय.

"कार्ड तूच बंद केलं होतंस ना?" साहेब कडाडले. "आज निस्तर. त्यांच्या टेबलाकडे कुणी फिरकायला तयार नाही."

केलं होतं की! पण तिथेच माशी शिंकली होती. चालू कार्डांच्या रकान्यात सगळे क्रमांक इंग्रजी मोठ्या अक्षरांत. बंद कार्डांच्या रकान्यात या पठ्ठ्याने सवयीने छोट्या अक्षरांत बडवलेले. संगणकाच्या लेखी मोठा 'के' वेगळा, छोटा 'के' वेगळा. दोन्ही रकाने जुळलेच नाहीत, दार उघडत राहिलं. इलाज एका ओळीचा: तुलना करताना मोठं-छोटं एकच धर.

पण कार्ड वापरतंय कोण? दुपारी तो भावोजींच्या टेबलामागे दबून उभा राहिला. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोला! दार उघडलं, आणि आत आली त्याची सख्खी थोरली बहीण.

"ताई, तू?"

"ओरडू नकोस रे." ती भावोजींच्या खुर्चीत बसली. "घरी जो येतो तो म्हणतो, ते गेले. हे दार एकटं शहाणं. कार्ड लावलं की त्यांचं नाव दाखवतं, 'या' म्हणतं. म्हणजे असतील ना इथेच कुठेतरी?"

घरी ती अजून भावोजींचे शर्ट इस्त्री करून ठेवायची, आणि सगळे काळजीने खंगत चालले होते. तिच्या वेडाला खतपाणी कोण घालत होतं? तर हाच दीडशहाणा! दार बंद केलं तर ती कोसळेल. नाही केलं तर कायमची हातची जाईल.

संध्याकाळी त्याने ती ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काचेच्या दाराआड उभा होता. ताईने कार्ड लावलं. लाल दिवा. बाहीला पुसून पुन्हा लावलं. लाल. मग तिने हळूच टकटक केली. त्याने आतून दार उघडलं.

"दार बिघडलंय रे. दुरुस्त कर ना."

"बिघडलं होतं, ताई. आता बरोबर आहे." त्याने तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. "भावोजी गेले."

"तू पण?" ती किंचाळली. दोन्ही मुठींनी त्याला बडवत सुटली. जेवणारे हात थांबले, माणसं बघत राहिली. त्याने तिला अडवलं नाही.

बऱ्याच वेळाने, उंबऱ्यातच बसून, तिने विचारलं, "शेवटी तू होतास ना जवळ? काही बोलले का रे?"

हे तिने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

"ती जेवली का, विचारत होते," तो म्हणाला.