धनुर्वात : शून्य

हिरीचं पोर आठव्या दिवशी धनुर्वातानं गेलं. पण तसं कुठंच लिहिलेलं नाही. तेव्हा ते गेलंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ.

साल १९७६. तळेगावचा गोरख सरकारी आरोग्यसेवक होता. दर महिन्याला तो वडिवळ्याच्या वरच्या वाडीत चढायचा. कोणत्या आजारानं हजारी किती दगावले, तो तक्ता भरून वर पाठवायचा. धनुर्वाताच्या रकान्यात तीन वर्षं शून्य होतं. जिथं शून्य, तिथं गरोदर बायकांसाठीची लस येत नसे.

हिरीला पुन्हा सहावा महिना लागला होता.

"गेल्या पोराची नोंद झाली तर सुई येईल," गोरख म्हणाला. "पण नावाशिवाय नोंद घेत नाहीत. नाव सांगा, हिरीबाई."

"बाराव्या दिशी ठेवणार व्हतो." हिरी तांदूळ पाखडत होती. "त्यानं आठव्यालाच आटपलं."

"मग आता ठेवा की."

"अन् नाव ठेवल्यावर हाक मारावी वाटंल, ती कुणाला मारू? तुमाला?"

गोरखला हे रास्त वाटलं. त्यानं मयताच्या रकान्यात स्वतःचंच नाव घातलं. गोरख, वय आठ दिवस.

वरून पत्र आलं: मयत इसमाने अहवालावर सही कशी केली, याचा खुलासा करावा. हयातीचा दाखला जोडावा.

दवाखान्यातले कारकून दत्तोबा चष्मा पुसत म्हणाले, "दाखला जोडलास तर तू जिवंत. म्हणजे मृत्यू रद्द, लस रद्द."

"आणि नाही जोडला तर?"

"तर तू मेलास. पण लस येईल बघ."

गोरखनं महिनाभर मेलेलं राहून पाहिलं. विशेष फरक पडला नाही. मग दुसरं पत्र आलं: आठ दिवसांचा इसम सेवेत असू शकत नाही, सबब मृत्यू रद्द. धनुर्वात, शून्य.

तोवर हिरीला आठवा लागला होता. वाटेत भेटली तेव्हा तिनं सुईचं विचारलं नाही. गोरखनंही सांगितलं नाही. त्यानं दवाखान्यात येऊन कोरा कागद घेतला आणि नीट समास सोडून लिहिलं:

'सविनय विनंती की, धनुर्वाताच्या जंतूंना बारशाचा दिवस उलटेपर्यंत थांबण्याचे लेखी आदेश व्हावेत. निदान वरच्या वाडीपुरते. सदर आदेश पुढील महिनाअखेरीपूर्वी, म्हणजे हिरीबाई बाळंत होण्याआधी, जंतूंना पोहोचावेत.'