वरचा चर

माझ्या धाकट्या जावेचं नाव दुन्या. नुसतं नाव घेतलं तरी माझ्या तोंडाची चव जाते.

आमच्या सासूबाई, पेर्सिदा, थकल्या होत्या. स्लावाच्या सणाआधी त्या आम्हा दोघी सुनांपैकी एकीकडे राहायला जाणार, आणि त्या जिथे तिथेच स्लावा, हे ठरलेलं. घराण्याच्या संताचा तो दिवस, ती मेणबत्ती, तो पाव! सगळं गाव ज्या सुनेच्या दारात येतं, घरची मोठी तीच. इतकी वर्षं सासूबाईंच्या चुलीपाशी राबले मी. ही काल आलेली.

अडचण एकच होती. माझं घर टेकडीच्या पायथ्याशी, आणि सासूबाईंसाठी ठेवलेल्या खोलीत कायमची ओल. म्हणून घरामागे चर खणायचा, त्यात भोकांचा पाइप टाकायचा, वर खडी भरायची, असं माझ्या नवऱ्यानं, तिहोमीरनं ठरवलं. लगेच दुन्या म्हणाली, वर उतारावर आम्हीही एक चर काढतो. तिचं घर वर टेकडीवर, खडकावर, पाण्याचा थेंब आत शिरत नाही, तरी बाईसाहेबांना चर हवाच! माझ्याकडे आहे ते तिच्याकडे नसून कसं चालेल?

खडीभोवती जिओटेक्स्टाईल गुंडाळावं लागतं. आम्ही त्याला मातीचं कापड म्हणतो. माती अडते, पाणी जातं. कुठलं घ्यायचं हे बोलणं सासूबाईंच्या टेबलाशी निघालं, तर दुन्या दुकानातून दोन तुकडे घेऊनच आलेली. एक विणलेलं, पोत्यासारखं चकचकीत. दुसरं जाड, मऊ, लोकर दाबून केल्यासारखं. तिनं माझ्या पुढ्यातला कप उचलला आणि गाळासकट कॉफी दोन्हींवर ओतली. चकचकीत कापडावर डबकं साचलं. मऊ कापडातून कॉफी खाली उतरली आणि गाळ वर राहिला.

"रस्त्याखाली घालायला विणलेलं मजबूत," ती म्हणाली. "पण बारीक मातीतलं पाणी काढायचं तर हेच."

"बघितलंस, रादमिला?" सासूबाई मला म्हणाल्या. "डोकं लागतं डोकं!"

कॉफी मी केलेली. टेबल नंतर मीच पुसलं. आणि कौतुक कुणाचं? नुसता जळफळाट झाला माझा.

दुसऱ्या दिवशी मी दुकान गाठलं. दुकानदार ग्वोझदेन म्हणाला, "मऊ कापडाचा एकच रोल उरलाय, तोही दुन्यानं बाजूला ठेवायला सांगितलाय. विणलेलं मात्र हवं तेवढं आहे."

"अरे, तिनंच तर मला पाठवलंय," मी म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही.

संध्याकाळी दुन्या धापा टाकत दारात. "ताई, तो रोल वरच्या चराला हवा होता. वरची माती पिठासारखी आहे. तुमच्याकडे मुरूम, तिथे कुठलंही कापड चाललं असतं."

"तुझी माती पिठासारखी, आणि आमची जाडीभरडी होय गं? चांगलं तेवढं सगळं तुलाच?"

"तसं नाही हो, ऐका तरी..."

"पाऊस तोंडावर आलाय. दुसरं आण जा."

नवा माल यायला वेळ होता. दिरांनी वरच्या चरात चकचकीत कापड घातलं.

माझी खोली सुकली! मी चुना लावला, पलंग मांडला. सासूबाई संताची तसबीर उराशी धरून खाली राहायला आल्या. सकाळी त्यांना कॉफी द्यायची आणि वर दुन्याच्या खिडकीकडे बघायचं, काय सुख होतं म्हणून सांगू!

मग पाऊस लागला तो थांबेचना. वरचा चर गाळानं तुंबला, भरला आणि फुटून वाहू लागला. पिवळं पाणी उतारावरून थेट माझ्या अंगणात. एवढं पाणी माझ्या चराच्या आवाक्यातलं नव्हतं. आम्ही जेवून उठेपर्यंत खोलीत घोट्याएवढा चिखल. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन, तसबीर कवटाळून बसलेल्या. तिहोमीर आणि दीर त्यांना उचलून वर दुन्याच्या घरी घेऊन गेले.

दुन्या बादली घेऊन माझ्याआधीच चिखलात उतरली होती. माझं टाळकंच फिरलं.

"झालं का समाधान? तुझ्या चराचं पाणी माझ्या घरात!"

तिनं कंबर सरळ केली. "माझं घर खडकावर आहे, ताई. मला चर कशाला हवा होता? टेकडीचं पाणी वरच अडवायला, तुमच्या या खोलीसाठीच होता तो."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

ती पुन्हा पाणी उपसायला लागली.

स्लावा तिच्या घरी झाला. रोलबद्दल ती सासूबाईंना काही बोलली नाही, दिरांनाही नाही. चार शिव्या तरी द्यायच्या होत्या मेलीनं, हिशेब फिटला असता. उलट आदल्या दिवशी पिठाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी.

"स्लावाचा पाव तुम्हीच करा, ताई. तुमच्यासारखा मला जमत नाही."

खोटारडी! तिचा पाव माझ्यापेक्षा चांगला फुगतो, सगळ्या गावाला ठाऊक आहे.