खुंटीवरची थोरली

मैदानाच्या मागच्या बाजूला, जिथून खेळाडू सरावाला आत-बाहेर करतात, तिथं एक उंच जाळी आहे. त्या जाळीला चिकटून सकाळपासून एक बाई उभी होती. हातात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर ठळक अक्षरात, ‘दादा, तुमची बॅट द्या.’ अक्षर देखणं होतं, पण मागणी वाचून आजूबाजूची सगळी गर्दी खुदुखुदू हसत होती. चाळिशी उलटलेली, तोंडावर बारा वाजलेली ही बाई या सह्या आणि टोप्या मागणाऱ्यांच्या घोळक्यात आली कुठून, हे कुणालाच कळेना.

शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका काकांना राहवलं नाही. काका या जाळीचे जुने मानकरी. त्यांच्या घरात खेळाडूंचे वापरलेले ग्लोव्हज, घामट टोप्या आणि फाटके पॅड इतके साठले होते म्हणे, की काकूंनी वैतागून माहेर गाठलं होतं.

“ताई, पहिलीच वेळ दिसतेय,” काका म्हणाले. “बॅट कुणी मागतं का? ग्लोव्हज मागा, टोपी मागा, अगदीच धीट असाल तर पॅड मागा. फलंदाजाकडे बॅट मागणं म्हणजे त्याच्या घरी जाऊन त्याची बायको मागण्यासारखं आहे.”

“मला बॅटच हवी.”

“बरं, मग निदान धावा काढून आल्यावर मागा. शून्यावर परतलेल्याला तर किती वाजले हेसुद्धा विचारायचं नसतं. आणि कुणाची हवीय?”

“डावऱ्याची.”

काकांनी कपाळाला हात लावला. डावरा म्हणजे संघाचा सलामीवीर. गेल्या मोसमात त्याची गाडी पार रुळावरून घसरली होती, आणि यंदा काय जादू झाली कोण जाणे, तो सुटलाच होता. ज्या बॅटनं तो खेळत होता ती बॅट तो झोपतानाही उशाशी घेतो, असं पेपरात आलं होतं.

ती जादू काय होती हे त्या गर्दीत फक्त या बाईला ठाऊक होतं, कारण ती जादू तिनंच स्वतःच्या हातानं गठ्ठ्यात बांधून पाठवली होती.

ती बॅटी बनवणाऱ्या घरातली सून. कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली: भिंतीला टेकवलेले लाकडाचे ठोकळे, मधे लाकूड पकडायचा शिकंजा, पायाखाली ढलप्यांचा ढीग आणि सगळीकडे तेलाचा वास. रंधा चालवायचे सासरे, म्हणजे नाना. ग्रिप चढवणं, स्टिकर लावणं आणि बांधाबांध करणं हिचं काम. आणि खिडकीशेजारी खुंटीवर असायची थोरली.

थोरली म्हणजे नानांनी ऐन तरुणपणी केलेली एक बॅट. अशी जमून आली, की तशी पुन्हा नानांच्यानंही झाली नाही. म्हणून ती विकली नाही. प्रत्येक नवी बॅट पुरी होत आली की नाना डोळे मिटून डावा हात थोरलीवर ठेवायचे आणि उजवा नवीवर. दोन्ही हात वरून खालपर्यंत एका लयीत फिरायचे. मग नाना एकच शब्द बोलायचे, “उतरली.” नाहीतर काही न बोलता पुन्हा रंधा उचलायचे. थोरलीला चेंडू लावायचा नाही, हा घरातला कायदा. नानांच्या मुलानं लहानपणी एकदा ती चोरून गल्लीत नेली, तर अख्खी सुट्टी नाना त्याच्याशी बोलले नाहीत. त्या पोराला मग लाकडाचा वाससुद्धा नकोसा झाला. मोठा होऊन त्यानं दुसऱ्या शहरात बँकेतली नोकरी धरली. तो हिचा नवरा.

वर्षातून एकदा थोरली खाली उतरायची. तिची जुनी ग्रिप काढायची, अंगभर तेल चोळायचं आणि इतर बॅटींच्या रांगेत वाळत ठेवायची. यंदा नेमक्या त्याच दिवशी डावऱ्याचा माणूस त्यानं मागवलेल्या बॅटी न्यायला ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी येऊन गाडीचा हॉर्न बडवू लागला. नाना जेवून आडवे झाले होते. हिनं घाईघाईत रांगेतल्या उघड्या बॅटी उचलल्या, ग्रिपा चढवल्या, स्टिकर चिकटवले, गठ्ठा बांधला आणि दिला. संध्याकाळी केर काढताना पाहते तर डावऱ्याची एक बॅट भिंतीशी तशीच उभी, आणि थोरली कुठेच नाही.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोन केला तर तो माणूस म्हणाला, बॅटी संघाबरोबर दौऱ्यावर गेल्या. पुढे तर त्यानं तिचा फोन उचलायचंच सोडलं. मग तिनं जे सुचलं ते केलं. मागे राहिलेल्या त्या कोऱ्या बॅटला चहाचं पाणी चोळून पिवळट केलं आणि तिलाच खुंटीवर चढवलं. सकाळी नानांनी नेहमीसारखा डावा हात खुंटीवर नेला, उजवा नव्या बॅटवर, आणि म्हणाले, “उतरली.” हिनं मोठा सुस्कारा सोडला. म्हाताऱ्याला पत्ता लागला नव्हता. देव पावला, असं तिला वाटलं.

आणि मग बॅटी परत येऊ लागल्या. टोकाशी जड, एका खांद्याला जाड, हातात फिरणाऱ्या. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं आधी संकोचून बोलली, मग बोलेनाशीच झाली. नाना रंधा खाली ठेवून तासन्‌तास आपल्या पंजांकडे बघत बसू लागले. “सूनबाई, हात गेले गं माझे,” एक दिवस ते म्हणाले. नवऱ्याचं फोनवर तेच. “मी कधीपासून सांगतोय. रविवारी येतो, नानांना इकडे घेऊन येतो. ती खोली रिकामी करून टाकू.” आणि नाना, जे कधी त्या खोलीबाहेर जेवायलाही खुशीनं आले नव्हते, ते मुकाट्यानं हो म्हणाले.

हात गेलेले नाहीत, हे ओरडून सांगावं असं तिला वाटे. हात शाबूत आहेत, मापच खोटं आहे, कारण ते माप मी टांगलंय. पण थोरली चेंडू ठोकते आहे, तीही हजारो लोकांसमोर, हे नानांना कुठल्या तोंडानं सांगायचं? ते सांगायच्या आत थोरली परत खुंटीवर आली पाहिजे. मग हात आपोआप ताळ्यावर येतील, बॅटी उतरतील, आणि रविवारी नवरा आल्या पावली परत जाईल. चूक आपली आहे, हीच तिची एकमेव आशा होती. ती उराशी धरून ती जाळीपाशी उभी होती.

पहिल्या दिवशी डावरा सराव संपवून घोळक्याजवळून गेला. तिची पाटी वाचून हसला, आणि हातातले ग्लोव्हज काढून जाळीवरून थेट तिच्या अंगावर टाकले. गर्दीत एकच गलका झाला. तिनं ते काकांच्या हातात कोंबले आणि जाळी धरून ओरडली, “हे नको हो! बॅट!” काकांना हसावं की रडावं कळेना. अशा ग्लोव्हजसाठी त्यांनी उभी हयात उन्हात काढली होती.

दुसऱ्या दिवशी पाटी नव्हती. डावरा दिसताच ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “दादा, ती बॅट आमची आहे!”

रखवालदार तिच्या दिशेनं निघाला. डावरा थांबला. असल्या आरोळ्या त्यानं ऐकल्या नव्हत्या असं नाही, पण या आवाजात वेडेपणा नव्हता. तो जाळीपाशी आला.

“ताई, काल ग्लोव्हज दिले ना?”

“दांडा जिथं पात्यात शिरतो तिथं, ग्रिपच्या खाली, चाकूची बारीक खूण आहे. अंगठा दाबून बघा.”

डावऱ्यानं हातातल्या बॅटवर अंगठा दाबला. त्याचा चेहरा बदलला. “तुम्हाला कसं माहीत?”

“ती ग्रिप मीच चढवलीय.” आणि मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. खुंटी, तेलाचा दिवस, हॉर्न, चहाचं पाणी, नानांचे हात, रविवार. काका शेजारी उभे राहून ऐकत होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

डावऱ्यानं बॅट उलटसुलट करून पाहिली. “ताई, खरं सांगतो. त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या बॅटी मी सरावातसुद्धा धरल्या नाहीत. नुसते सोटे होते. ही एकच होती. मला संघातून काढायचं ठरलं होतं, हिनं तारलं. उद्या चाललो नाही तर पुन्हा घरी. तुम्ही माझ्या जागी असता तर दिली असती?”

“नसती दिली,” ती म्हणाली. खोटं बोलण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

“मग?” म्हणून तो वळला.

“दादा,” ती मागून ओरडली, “तुम्हाला दुसरी बॅट मिळेल हो. नानांना दुसरे हात मी कुठून आणू?”

तो तसाच चालत गेला. ती जाळीला डोकं टेकून सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. रखवालदार उगीचच दुसरीकडे बघत राहिला.

सामन्याच्या दिवशी ती पुन्हा आली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. आत जायला तिकीट नव्हतं. जाळीपलीकडून आरोळ्यांच्या लाटा येत होत्या आणि काका कानाला रेडिओ लावून सांगत होते, “चौकार मारला. तुमच्या थोरलीनं.” प्रत्येक फटक्याला तिच्याच पाठीत कुणी मारल्यासारखं तिला होत होतं. उन्हं कलताना डावरा बाहेर आला. डाव चांगला झाला होता, लोक त्याच्या नावानं गळा फाडत होते. तो कुणाकडे न बघता सरळ तिच्यासमोर आला आणि जाळीवरून बॅट पलीकडे सोडली.

“एक अट आहे,” तो म्हणाला. “नानांना सांगा, मोसम संपायच्या आत मला हिची जुळी बहीण पाहिजे. तोवर उसन्या बॅटनं कसंबसं निभावतो. बाहेर बसायची वेळ आली तर शिव्या तुम्हालाच घालीन.”

तिला हो म्हणतानाही हुंदका आला. काकांनी “एकदा नुसता हात लावू द्या” म्हणून विनवलं, तेव्हा तिनं ती त्यांच्या हातात दिली, पण आपलं बोट काही तिच्यावरून काढलं नाही.

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्यानं स्टिकर सोडवले, ग्रिप उतरवली, तेल चोळलं. चेंडूचे लाल डाग काही गेले नाहीत, पण नानांची नजर आता तेवढी उरली नव्हती. खोटी बॅट तिनं कोपऱ्यात उभी केली आणि थोरली तिच्या जागी लटकवली. किती दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी नानांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. ती म्हणाली, “नाना, ही एक बॅट राहिलीय. तेवढी बघाल?”

“आता कशाला गं?”

“माझ्यासाठी.”

नाना उठले. डोळे मिटले. डावा हात खुंटीवर गेला, उजवा नव्या बॅटवर. बोटं खाली सरकू लागली, आणि डावा हात मधेच थांबला. नानांनी थोरली खुंटीवरून उतरवली, हातात तोलली, कडेवरून अंगठा फिरवला.

“सूनबाई, ही इथं कुणी टांगली?”

ओळखली! ती पुढे सरसावली. “का हो नाना?”

“अगं, आपली थोरली कुठाय?”

ती काही बोलायच्या आत नाना चाचपडत कोपऱ्यात गेले. तिथली बॅट त्यांच्या हाताला लागली. त्यांनी तिच्यावरून वरपासून खालपर्यंत पंजा फिरवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा निवला.

“ही काय! कोपऱ्यात टाकलीस होय?” ते हसले. “बाकी सगळं गेलं असेल गं, पण थोरली ओळखायला हे हात नाही चुकायचे.”

त्यांनी स्वतःच्या हातानं ती चहाच्या रंगाची बॅट खुंटीवर नीट चढवली. तिच्या कानात तेव्हा डावऱ्याचे शब्द वाजले. नुसते सोटे होते. तो गठ्ठा नानांनी केला, तेव्हा खुंटीवर खरी थोरली होती. आणि खोटी टांगली त्या पहिल्या सकाळी नानांच्या हाताला फरक कळला नाही, त्याला ती देव पावला म्हणाली होती. तिची चूक झाली होती, पण त्या चुकीनं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडायचं ते आधीच बिघडून गेलं होतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. नवऱ्यानं दार लोटलं असावं.

“आणि ही,” नानांनी खुंटीवरून उतरवलेली बॅट तिच्या पुढ्यात धरली, “कुणा खेळणाऱ्याची दिसतेय. दुरुस्तीला आलीय का? फार चांगल्या हातची आहे. माझ्याच्यानं नसती झाली. ज्याची आहे त्याला लवकर पोचव बाई, अडून बसला असेल बिचारा.”

ती ढलप्यांवर खाली बसली. थोरली मांडीवर आडवी घेतली, खणातून नवी ग्रिप काढली आणि दांड्यावर चढवू लागली. रबर पुन्हा पुन्हा निसटत होतं.

“घट्ट बसव हो,” नाना दारातून म्हणाले.

“बसवते, नाना,” ती म्हणाली.