आमच्या भिंतीवरील खंडग्रास

सुज्ञ वाचकहो, आमच्या घरी जे घडले व अद्याप घडत आहे, त्याचे यथार्थ निवेदन मी पुढे करीत आहे. शोभेसाठी त्यात एकही शब्द घातलेला नाही. गेल्या पौर्णिमेस लागलेले खंडग्रास चंद्रग्रहण सर्व गावात सुटले. आमच्या घरात मात्र ते सुटलेले नाही.

त्यास कारण माझे छायाचित्र होय. त्या सायंकाळी चंद्र ग्रासलेलाच उगवला, तेव्हा मी व माझे शेजारी श्रीयुत रघुवीर डांगे गच्चीवर आपापले कॅमेरे स्टँडवर चढवून सिद्ध होतो. त्यांची लेन्स माझ्या लेन्सहून वीतभर लांब होती. माझी पत्नी इंदुमती टॉर्च धरून उभी होती. टॉर्च तिने माझ्यासाठी आणली होती; उजेड मात्र डांग्यांच्या स्टँडवर पडत होता.

चंद्राचा लचका सर्वांत मोठा झाला, त्या क्षणी मी बटण दाबले व स्टँड मिटू लागलो.

"तोडकर, थांबा की राव," डांगे म्हणाले. "मोक्षाचाही एक काढा. सुटताना फार देखणा दिसतो."

"मला जे हवे होते, ते मिळाले," मी उत्तरलो. त्यांच्या सल्ल्याने मी श्वासदेखील घेतला नसता.

इंदुमती मात्र मोक्ष होईपर्यंत वरच थांबली.

फोटो मी स्टुडिओतून मोठा करून आणला व पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात उजाडलेच नाही. अंधाराची कड वाटोळी होती. टीव्ही त्या कडेच्या आत गेला. हात लावला तर लागत होता, दिसत नव्हता.

"गॅस पेटवू नका," इंदुमती म्हणाली. "ग्रहण आहे."

"ग्रहण परवा सुटले."

"बाहेर सुटलं. घरात आहे की अजून, दिसत नाही का तुम्हाला? ग्रहणात शिजवलेलं माझ्या आईनं कधी खाल्लं नाही, मी पण खाणार नाही."

मी उपाशी राहिलो. ती राहिली नाही. डांग्यांच्या भिंतीवर सुटलेल्या ग्रहणाचा पूर्ण चंद्र लागला होता, त्यामुळे त्यांच्या घरी अन्नाला दोष नव्हता. ती तिकडे जेवून आली. पुढे एके दिवशी ओल्या केसांनी आली.

"हे काय?" मी विचारले.

"ग्रहण सुटल्यावर नहायचं असतं. इथं सुटेना, म्हणून तिथं न्हाले."

मी फोटो उतरवला. ग्रहण भिंतीवरच राहिले. फोटोतील चंद्राचा ग्रासलेला भाग खडूने भरून पाहिला. पांढरा खडू काळा उमटला. अंधाराची कड सरकत पलंगापर्यंत आली. इंदुमतीने आपल्या साड्या उजेडाच्या बाजूला घेतल्या. माझे कपडे तिने घेतले नाहीत.

अशात डांगे स्वतः दारात आले. ते आत आले नाहीत. ग्रहणात कोणाच्या घरात शिरू नये, असे म्हणाले.

"तोडकर, माझा फोटो लावा की तुमच्या भिंतीला. लगेच सुटेल. एवढं काय त्यात?"

"परक्याच्या चंद्राने माझे घर उजळणे मला मान्य नाही."

"अहो, चंद्र काय डांगेभावजींचा आहे का?" इंदुमती आतून ओरडली.

"फोटो त्यांचा आहे."

"मग बसा फोटो कुणाचा ते मोजत! मी चालले. त्यांचा फोटो घेऊन याल, तेव्हाच मी या घरात परत येईन."

ती गेली. उरलेला उजेड चटईएवढा होता. त्यावर मी उकिडवा बसून राहिलो. तो पाटाएवढा झाला, तेव्हा मी उठलो व फोटो मागण्याचा निश्चय करून डांग्यांच्या घरी गेलो.

त्यांचे दार पश्चिमेचे आहे. मावळता सूर्य माझ्या पाठीशी होता. समोरच्या भिंतीवर तो पूर्ण चंद्र होता, व त्याखाली इंदुमती ताटावर बसली होती. डांगे तिला भाकरी वाढत होते. ती कशावर तरी हसली होती; ते हसू अजून तिच्या गालावर होते.

मी तोंड उघडणार, तोच माझी सावली आत पडली. तिला डोके नव्हते, खांदे नव्हते. ती वाटोळी होती. तिने चंद्राची कड धरली.

"या की तोडकर, आत या," डांगे म्हणाले. "फोटो उतरवूनच देतो."

सावली अर्ध्या चंद्रावर आली, मग खाली पसरत इंदुमतीच्या गालावर आली.

"अहो, बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "जेवतेय मी."

एक पाऊल पुरेसे होते. मी ते टाकले नाही. डांग्यांच्या हातातील भाकरी हातातच राहिली. इंदुमतीने घास ताटात ठेवला, उठून परसातून तुळशीचे पान खुडून आणले व ते ताटावर ठेवून ती भिंतीशी बसून राहिली.

वाचकांनी येथवर लक्ष दिले, त्याबद्दल मी, भिकाजी शंकर तोडकर, या उंबरठ्यावरूनच त्यांचे आभार मानतो.